चोवीस फोटोंचं लग्न

पेंधरच्या मेट्रो स्टेशनचा जिना उतरताना मोबाइल बंद करा आणि मागच्या खिशात ढकला. पॉवर बँक, मेमरी कार्ड, क्लाउड, सगळं इथेच राहू द्या. आता डोळे मिटा. घट्ट मिटा, किलकिले ठेवू नका. हं, उघडा.

जिना गेला. मेट्रोचे खांब गेले. सिडकोचे फेज एक, फेज दोन, त्यांतले टॉवर आणि त्यांच्या बाल्कन्यांत वाळणारे कपडे, सगळं गेलं. पायाखाली भाताच्या खाचरातली उन्हाने तडकलेली ढेकळं आहेत आणि चपलेच्या पातळ तळव्यातून त्यांचा चटका थेट पोटरीपर्यंत येतोय. साल १९७७, महिना वैशाख, गाव तळोजा, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा. जिल्ह्याला रायगड हे नाव मिळायला अजून चार वर्षं आहेत. वाऱ्यावर खाडीच्या चिखलाचा खारट वास आहे आणि कुठल्या तरी अंगणात सुकत घातलेल्या जवळ्याचाही. नाक मुरडू नका, तासाभरात तो वास तुम्हाला जाणवेनासा होईल.

तुम्हाला रिकामं फिरवायला आणलेलं नाही. तुम्ही आज पनवेलच्या एका स्टुडिओतले फोटोग्राफर आहात. अंगावर टेरिकॉटचा शर्ट आहे. मालकाने ‘लग्नाला चाललायस, नीट दिस’ म्हणून तो बळेच घालायला लावला. एस.टी.तून फाट्यावर उतरेपर्यंतच तो पाठीला चिकटलाय. खांद्यावर रेक्झिनची बॅग. तिच्यात याशिका मॅट कॅमेरा, फ्लॅशगन, पेन्सिल सेल, लेन्स पुसायला मलमलचा तुकडा आणि ऑर्वोचे दोन रोल. पूर्व जर्मनीहून आलेला हा काळा-पांढरा रोल तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओंचा आधार होता.

दोन रोल. एका रोलवर बारा फोटो. म्हणजे सबंध लग्नाचे चोवीस. तुमच्या काळात नवरा-नवरीचं नुसतं ‘प्री-वेडिंग’ निघालं की तळ्याच्या काठावरच चारशे फोटो होतात, ते विसरा. इथे चोवीस म्हणजे चोवीस. नवरीच्या बापाने पैसे तेवढ्याचेच कबूल केलेत आणि रोल तुमच्याकडे तेवढेच आहेत. पंचविसावा क्षण कितीही सुंदर असला, तरी तो बघून सोडून द्यायचा.

घर सापडायला पत्ता लागत नाही. चिंचेच्या झाडावर बांधलेला भोंगा कोळीगीतांच्या तबकड्या वाजवत तुम्हाला ओढून नेतो. एका जागी सुई अडकते आणि तोच शब्द अर्धं गाव ऐकत राहतं, मग कोणीतरी धावत जाऊन तबकडीला टिचकी मारतं. शेणाने सारवलेलं अंगण, त्यावर बांबूचा मांडव, वर झावळ्या, मेढीला आंब्याचे टाळे आणि उंबराची फांदी. मांडवाच्या एका कडेला पाच-सहा पुरुष आडवेतिडवे झोपलेत. काल हळदीची रात्र होती. मटणाच्या मसाल्याचा वास अजून पेंढ्यात अडकलाय आणि ताडीचा या झोपलेल्यांच्या श्वासात. त्यांना ओलांडून जा. जपून, एकाच्या हातात ताशाची काडी आहे.

‘फोटूवाला आला!’ ही आरोळी तुमच्यासाठी. क्षणात तुमच्याभोवती वीसेक पोरं. कोणाच्या गालाला हळद, कोणाच्या हातात करवंदांचा द्रोण. ती बॅगेला हात लावतील. लावू द्या, पण कॅमेरा गळ्यातून काढू नका. ओटीवरून एक म्हातारी हाक मारते, तुम्हाला नव्हे, घरातल्यांना. ‘यो फोटूवाला जेवला का नाय?’ आगरी घरात आधी हा प्रश्न, मग नाव-गाव. नाही म्हणू नका. म्हटलं तरी उपयोग नाही.

जेवण उरकेपर्यंत उजेडाचा अंदाज घ्या. मांडवातला उजेड हा फोटोग्राफरचा वैरी. झावळ्यांच्या फटींतून ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी खाली येतं. त्यात नवरी बसवलीत, तर कपाळावर एक पांढरा डाग, नाकावर एक, हनुवटी अंधारात. डोळ्यांना ते छान दिसतं, फिल्मला नाही. म्हणून दोन दांडगी पोरं हेरून ठेवा आणि घरातली एक पांढरी चादर मागून घ्या. वेळ आली की पोरं ती डोक्यावर ताणून धरतील, ठिपके विझतील आणि खाली मऊ, सारखा उजेड पसरेल. पोरांना याचा मोबदला एकच द्यायचा, कॅमेऱ्यात डोकवायला.

तुम्हीही डोकवा. याशिका डोळ्याला लावायची नसते. ती पोटाशी धरायची, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून दुधी काचेत बघायचं. काचेत सबंध मांडव आलाय, पण उलटसुलट. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. नवरी डावीकडे सरकली की काचेत ती उजवीकडे पळते, आणि तिच्यामागे जायला तुम्ही नेमके चुकीच्या बाजूला वळता. दोन-चारदा गोंधळ होईल, बायका तोंडाला पदर लावून हसतील, मग मनगटांना आपोआप कळेल.

या कॅमेऱ्याचा एक गुण मला फार आवडतो. तुम्ही मान खाली घातलेली असल्यामुळे समोरच्याला वाटतं, तुमचं त्याच्याकडे लक्षच नाही. रोखून बघणारा परका पुरुष आला की ज्या बायका पाठ फिरवतील, त्या या खाली मान घातलेल्या माणसासमोर निवांत आपलं काम करत राहतात. पुढे लग्नांत डोळ्याला लावायचे कॅमेरे आले, त्यांनी हा संकोच मोडला म्हणतात. माझ्या मते त्यांनी एक सोय मोडली.

आता आत चला. माजघरात नवरीला सजवताहेत. पिवळं लुगडं, कोपरापर्यंत हिरवा चुडा, केसांत मोगरा आणि अबोली, कपाळावर मुंडावळ्या. खोलीत बारा-पंधरा बायका, एक पाळणा, एक रडणारं पोर आणि वारा शून्य. हळद, खोबरेल, घाम आणि मोगरा यांचा एकत्र वास इतका दाट की घशात उतरतो. रंग डोळे भरून बघून घ्या, कारण फोटोत त्यांतला एकही येणार नाही. लाल कुंकू आणि हिरवा चुडा ऑर्वोवर जवळपास सारख्याच राखाडी छटेत उतरतील. नवरीला खिडकीकडे तोंड करून बसवा आणि दाबा. खट्. आवाज एवढासाच. ‘झाला?’ ती विचारते. झाला. आता बाजूची चावी फिरवा, नाही तर पुढचा फोटो निघणार नाही. एक संपला. तेवीस उरले.

आणि हे ऐका. जात्यापाशी बसलेल्या चार बायका मघापासून गाताहेत, दोघी म्हणतात आणि दोघी झेलतात. सूर संथ, खालचा, न संपणारा. या धवलारणी. तुम्हाला वाटेल, गाणी चाललीत, चालू दे. चूक. लग्न त्या लावताहेत. हळद दळायची त्यांच्या धवल्यावर, मांडवात जायचं त्यांच्या धवल्यावर. त्यांचं गाणं त्या विधीपर्यंत आलं नाही, तर कोणी हलणार नाही. संध्याकाळी भटजी येतील, मंगलाष्टकं म्हणतील, पण एके काळी आगऱ्यांची सगळी लग्नं या बायकांच्या तोंडूनच लागत. धवळे हा प्रकार मराठीत जुना आहे. महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात धवळे रचले आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव लागतं. या चौघींना महदंबा ठाऊक नसेल. पुस्तक त्यांच्यापाशी नाहीच, सगळं पाठ आहे. मांडवाची मेढ, उंबराची फांदी, हळद, तेल, पाट, सगळ्यांना त्यांच्या गाण्यात जागा मिळते. तुमच्याकडे जागा चोवीस.

बापाने यादी दिलीय. तो ती तोंडाने सांगतो आणि बोटांनी मोजतो. नवरीचा एकटीचा, नवरा-नवरी, मामा, आत्या, सरपंच, गावकीचे पंच, नवऱ्याकडचे, सबंध कुटुंब. मोहल्ल्यातले चाचा आहेर घेऊन सकाळपासून मांडवात बसलेत, शेताच्या बांधाला बांध लागलेला, तेही. मग घोटचे सोयरे, रोहिंजणचे सोयरे. बोटं संपतात, माणसं संपत नाहीत. या यादीत एक नाव नाही, आणि ते त्याच्या लक्षातही आलेलं नाही. तुम्ही मात्र ते लक्षात ठेवा.

कुटुंबाच्या फोटोला शाळेतले बाक आणलेत. मधे म्हातारी, मागे पुरुष, पुढे जमिनीवर पोरं. फडक्या सारख्या होतात, टोप्या सरळ होतात, आणि तुम्ही ‘हलू नका’ म्हणताच चाळीस माणसं कोर्टात उभी असल्यासारखी गंभीर होतात. फोटोत हसायचं असतं हे इथे कोणी शिकवलेलं नाही. फोटो भिंतीवर लागणार, नातवंडं बघणार, तो काय हसण्यावारी न्यायचा? खट्. आणि आवाज झाल्याबरोबर सगळे एकदम श्वास सोडून खदखदा हसतात, म्हातारी सगळ्यांत जोरात, तोंडातला एक दात दाखवत. खरा फोटो हा होता. सोडून द्या.

दुपार कलते. मांडवामागे चर खणून पेटवलेल्या चुलींवर भात शिजतोय, वालाचं बिरडं रटरटतंय, पत्रावळींचे गठ्ठे सुटताहेत. पंगतीचा एक फोटो घ्या आणि मग रोल बदला. सावली शोधा, चादरीत डोकं घाला. संपलेला रोल बाहेर काढून त्याची कागदी पट्टी जिभेने ओली करून चिकटवा. डिंकाची ती गोडसर-कडवट चव दिवसभर जिभेवर राहील. नव्या रोलच्या कागदावरचा बाण खुणेला लावा, झाकण बंद करा, चावी अडेपर्यंत फिरवा. आता पुन्हा बारा.

तेवढ्यात कोणीतरी शर्टाची बाही ओढतं. नवरीची धाकटी बहीण. आत बोलावलंय. माजघराच्या दारापाशी, बायकांच्या घोळक्यातून वाट काढून, नवरी हळूच म्हणते, ‘आयचा येक फोटू कारा ना.’

पडला का प्रकाश डोक्यात? यादीत आई नव्हती. कुटुंबाच्या फोटोतही ती नव्हती. ‘आल्ये, आल्ये’ म्हणत होती आणि भात उतू जाईल म्हणून राहिली. चाळीस डोकी होती, कोणी मोजली नाहीत.

स्वयंपाकघरात चला. दार ठेंगणं आहे, वाका. वाकलात तरी कपाळ आपटलंच. भिंती धुराने काळ्याभोर, वर कौलं, आणि त्यांत एक कौल काचेचं. त्यातून उन्हाची तिरपी पट्टी खाली चुलीपर्यंत आलीय आणि धूर तिच्यातून सावकाश वर चढतोय. पाहुण्यांची पंगत बाहेर, पण घरच्या लेकुरवाळ्यांसाठी आणि देवाच्या नैवेद्यासाठी चूल इथेच पेटलीय. त्या पट्टीत बसलीय ती. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, हाताला पीठ, डोळे धुराने लाल. तुम्हाला बघून म्हणते, ‘माजा कशाला? नवरीचा कारा.’

फ्लॅशला हात लावू नका. फ्लॅश मारलात की धूर पांढऱ्या भिंतीसारखा उभा राहील आणि कौलातलं ऊन मरेल. पण उजेड अगदी कमी. लेन्स पुरती उघडा, साडेतीनवर. शटर अर्ध्या सेकंदावर. अर्धा सेकंद हातात कॅमेरा धरून ठेवणं अशक्य, काळीज धडधडलं तरी चित्र हलतं. इकडेतिकडे बघा. ते जातं आहे ना कोपऱ्यात? कालच हळद दळलेलं, अजून पिवळं? त्याच्या तळीवर कॅमेरा टेकवा. गुडघे शेणाच्या जमिनीवर. धूर डोळ्यांत जाईल, जाऊ दे. दुधी काचेवर नाक टेकेपर्यंत वाका.

‘हलू नका’ म्हणायचं तुमच्या जिभेवर आलंय. ती तर हलतेच आहे, विस्तव सारते, झाकण उचलते, वळून बघते. पहाटे तीनला उठलेली बाई आहे. नवरी दारातून म्हणते, ‘आय, इकरं बग.’ आई तिच्याकडे बघते. पिवळं लुगडं, मुंडावळ्या, चुडा. सकाळपासून लेकीला सजवलेली तिने पाहिलीच नव्हती. हात पिठातच थांबतात.

आता.

खट्... खट्. एवढ्या संथ शटरला उघडताना आणि मिटताना वेगवेगळं ऐकू येतं. तेवढा वेळ ती थांबली होती. मग तिने पदराने नाक पुसलं आणि भाताकडे वळली. हा तेरावा फोटो. सरपंचांच्या वाट्यातला कमी झाला, त्यांना सांगू नका.

बाहेर या, संध्याकाळ झालीय. गुरं परतताहेत, धूळ उडतेय, गॅसबत्त्या पेटवताना स्पिरिटचा वास सुटलाय. गोरज मुहूर्त. सनई-ताशावाले उठले, तोंड धुऊन तयार. आता फ्लॅशगन जोडा. बटण सरकवलं की तिच्या पोटात एक बारीक शीळ सुरू होते, वर वर चढत जाते, आणि मागचा नारिंगी दिवा लागला की ती मारायला तयार. सेल नवे असले तर चटकन. जुने झाले की तुम्ही आहात आणि तुमचं नशीब आहे.

नवरीला मामा मांडवात घेऊन येतो. मामा फेट्यात. मिशीला तूप. तो मुद्दाम तुमच्यासमोर थबकतो, छाती काढतो. झाप! लख्ख उजेड. पोरं किंचाळतात, भिंतीवरच्या पाली पळतात. पुढचा मिनिटभर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हिरवे ठिपके. मामा मिशीवरून हात फिरवत पुढे जातो. त्याच्या डोळ्यांचं काय झालं ते तुम्हाला आत्ता कळणार नाही. कॅमेऱ्याला मागे पडदा नाही.

अंतरपाट धरला. भटजींचा आवाज चढतोय. तुम्ही नवऱ्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे काचेत डाव्या, माणसांच्या कोपरांमध्ये घुसून उभे आहात. पाठीत कोणाचं तरी पोर पाय मारतंय. अक्षता तुमच्या कॉलरमध्ये, कानात, लेन्सच्या कडेवर. मलमल फिरवा. अंतर डोळ्यांनी मोजा, सात फूट, आणि त्याप्रमाणे लेन्सचं भोक लावा. शेवटचं मंगलाष्टक चालू आहे आणि फ्लॅशची शीळ अजून अर्ध्यावर. दिवा लागलेला नाही. ‘सावधान’ हे आज फक्त नवऱ्या मुलाला नाही. सेल बदलायचे का? बदलायला घेतलेत आणि अंतरपाट पडला तर? शीळ चढतेय. भटजीबुवा, एक कडवं जास्त म्हणा की!

अंतरपाट पडतो. ताशा कडाडतो. सगळा मांडव अक्षता उधळतो आणि त्या पावसापलीकडे दोघं एकमेकांकडे पहिल्यांदा नीट बघतात. दिवा? नाही. हार वर जातात. दिवा? लागला. झाप!

मिळाला की नाही, देव जाणे. उद्या रात्री कळेल.

पाठवणीच्या वेळी तुमच्याकडे एकच फोटो शिल्लक असेल. नवरी आईच्या गळ्यात पडेल, बाप मेढीला धरून उभा राहील, धवलारणी गातील आणि गाता गाता त्यांचेही आवाज फाटतील. तुमचा अंगठा बटणावर जाईल. माझं ऐकाल? तो फोटो वरातीसाठी ठेवा. बैलगाडी, गॅसबत्त्यांची रांग, पुढे नाचणारी पोरं. रडणारी माणसं फ्लॅशच्या उजेडात पकडायची, हे त्या काळच्या फोटोग्राफरच्या रीतीत बसत नव्हतं. आपल्या काळात त्यावर गाणं लावून व्हिडिओ करतात. तुम्हाला ते आवडत असेल, मला पाहवत नाही.

पुढची रात्र, पनवेल, स्टुडिओमागची डार्करूम. खोली कपाटाएवढी, पंखा बंद, कारण तो धूळ उडवतो. मेटॉल-हायड्रोक्विनोनचं डेव्हलपर वीस अंशांवर लागतं आणि वैशाखात पनवेलच्या नळाचं पाणीच कोमट. जास्त गरम झालं तर फिल्मवरचा थर फुगून सुटतो आणि लग्न बादलीत वाहून जातं. म्हणून मासळी बाजारातून बर्फ आणलाय, गोणपाटात गुंडाळून. घमेल्यात बर्फ, त्यात डिश. दिवा पूर्ण बंद. फिल्म दोन्ही हातांत धरून द्रावणातून खालीवर ओढा, मनातल्या मनात आकडे म्हणत. हायपोचा आंबूस वास बोटांत बसेल, दोन दिवस जेवताना येईल. मग दिवा लावा. ओली फिल्म उजेडाकडे धरा. काळे चेहरे, पांढरे केस, उलटी माणसं. तेरावी चौकट शोधा. धूर आहे. कौल आहे. ती हललेली नाही.

अल्बम घेऊन तुम्हीच तळोज्याला जायचं. काळी जाड पानं, फोटोंना चार कोपरे, दोन पानांमध्ये जाळीचा पातळ कागद. ओटीवर बायकांची झुंबड. भाकऱ्यांचं पीठ लागलेली बोटं फोटोंवर फिरतात, तुमचा जीव कासावीस होतो. तेराव्या फोटोशी सगळ्या थांबतात. आईला हाका मारतात. ती येते, पुस्तक धरावं तसा अल्बम लांब धरते, बराच वेळ बघते. मग म्हणते, ‘यो टोप शेजारचा हाय. परत द्याचा र्‍हायला.’ आणि टोप आणायला आत जाते.

माहेरपणाला आलेली नवरी तेवढा एक फोटो कोपऱ्यांतून सोडवून घेईल आणि सासरी नेईल. बाप त्या रिकाम्या जागेबद्दल काही बोलणार नाही.

मामाचे डोळे मिटलेले होते, हे तुम्हाला डार्करूममध्येच दिसलं. पण स्टुडिओतला रीटचिंगवाला भला माणूस. त्याने बारीक ब्रश जिभेवर ओला करून मामाच्या पापण्यांवर दोन डोळे काढून दिलेत. जरा मोठेच झालेत. फोटो हातोहात फिरतो, पोरी पदरात तोंड घालून गुदमरतात, म्हातारी म्हणते, ‘याला काय दिसला?’ मामा चष्मा लावतो, फोटो उन्हाकडे धरतो, मिशीवर हात फिरवतो. मग तुमच्याकडे वळून म्हणतो, ‘याची मोठी कॉपी कारा. चौकट घालून.’